पुतणीची लॅब आणि सासूबाईंचं गळणं



परवा अष्टमीला मंदिरातून बाहेर पडताना एका ओळखीच्या बाईंनी मला चप्पल घालता घालता अडवलं. त्यांची मुलगी मायक्रोबायोलॉजी घेऊन एम.एस्सी. झालीय आणि औषध कंपनीतून बोलावणं आलंय. "तुमची पुतणी पण तिकडंच आहे ना? पाठवू का हो? आपल्यात बसतं का ते?" असं त्यांनी विचारलं. मी "पाठवा की, त्यात काय" म्हणाले आणि निघाले. घरी येईपर्यंत मला चुटपुट लागली. एवढं सोपं उत्तर द्यायला नको होतं. गेल्या दोन वर्षांत आमच्या घरात या एका नोकरीवरून काय काय झालं ते मला चांगलं माहीत आहे. म्हणून आज लोणची-पापड बाजूला ठेवून हे लिहितेय.

ही माझ्या धाकट्या दिरांची मुलगी. आमचं घर एकत्र, त्यामुळे ती मला मोठी आई म्हणते आणि आईला सांगायची नाही ती गोष्ट मला सांगते. २०२३ साली कोल्हापूरला विद्यापीठातून एम.एस्सी. झाली. मार्क चांगले. आम्हाला वाटलं, आता काय, नोकरी दारात येईल. चार महिने काही आलं नाही. गावाजवळच्या रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये विचारलं तर त्यांना डीएमएलटी झालेली मुलगी हवी. कॉलेजमध्ये शिकवायचं तर तासावर पैसे, तेही वर्ष संपल्यावर. दूध डेअरीच्या लॅबमध्ये एकच जागा आणि ती भरलेली. जिनं एवढं शिक्षण घेतलं तिला नेमकं कुठं बसवायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग तिच्या एका सीनियर मुलीनं सांगितलं की औषध कंपन्यांत 'क्वालिटी कंट्रोल'मध्ये मायक्रोबायोलॉजीचा वेगळा विभाग असतो, तिथं अर्ज कर.

पहिली मुलाखत पुण्याकडे होती, ती फसली. विचारलं होतं अगदी साधं. ऑटोक्लेव्ह म्हणजे काय? तर वाफेच्या दाबाखाली जंतू मारायचं भांडं. १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ मिनिटं. आपला कुकर साधारण तेच करतो, फक्त तो शिट्टी मारतो. हे तिनं घडाघडा सांगितलं. पुढचा प्रश्न होता, पंधराच मिनिटं का? दहा का नाहीत? तिथं ती अडकली. पाठ होतं, पण समजलेलं नव्हतं.

घरी येऊन तिनं ते पुस्तक माझ्यासमोर आपटलं. मी बी.कॉम., मला जंतूंतलं काय कळतंय? पण तिनं वाचून दाखवलं तेव्हा मला ओळखीचं वाटलं. ठरावीक वेळात दहातले नऊ जंतू मरतात. तेवढ्याच पुढच्या वेळात उरलेल्यातले पुन्हा दहातले नऊ. आकडा लहान लहान होत जातो, पण कागदावर शून्य कधीच होत नाही. अगं, हा तर घसारा! ऱ्हासमान शेष पद्धतीनं यंत्राची किंमत दरवर्षी दहा टक्के कमी करत गेलं तर वहीत ती शून्य कधी होते का? मी तिला जुन्या वहीच्या मागच्या पानावर उदाहरण सोडवून दाखवलं. सुरुवातीला जंतू किती होते आणि शेवटी किती कमी धोका चालेल, यावर मिनिटं ठरतात. ती बघत राहिली आणि म्हणाली, "मोठी आई, तू हे आधी का नाही सांगितलंस?" आधी मला कोणी विचारलंच कुठं होतं!

दुसरी मुलाखत गोव्यात, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत. तिथं तिला घेतलं. इंजेक्शनं बनवणारी कंपनी. वर्षभर शिकाऊ, पगार १८ हजार. जाऊबाईंना धक्काच बसला. एवढ्या पैशांसाठी मुलगी मासे खाणाऱ्यांच्या मुलखात ठेवायची? पण पोरीनं बॅग भरली होती. हे आणि दीर तिला मिरजेहून रेल्वेनं मडगावला सोडून आले. खोली मिळाली ती दोन शाकाहारी मुलींबरोबर, तेवढं पुण्य.

मुलींच्या आयांनी हे लक्षात ठेवा, की पहिले काही महिने मुलगी रडते. काम अवघड असतं म्हणून नव्हे, तर कामच देत नाहीत म्हणून. आधी कागद वाचायचे. प्रत्येक कामाची लिहिलेली पद्धत असते, तिला एसओपी म्हणतात. ती वाचायची, सही करायची, मग दुसऱ्याचं काम बघायचं, सही करायची, मग दुसऱ्याच्या देखरेखीत करायचं, पुन्हा सही. "एम.एस्सी. होऊन मी सह्या करते," असं म्हणून फोनवर रडली. नोंदीत चूक झाली तर खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. काम करतानाच लिहायचं, संध्याकाळी आठवून नाही. हे ऐकून मला हसू आलं. आमच्या सरांनी आम्हाला रोजकीर्द अशीच लिहायला लावली होती. मी तिला म्हटलं, ज्या वहीत खाडाखोड झाकलेली असते तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, मग ती पेढीची असो की जंतूंची.

मग कपडे. जिथं इंजेक्शन भरतात त्या खोलीत जाताना डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक पोशाख, डोळ्यांवर चष्मा. बांगडी नाही, अंगठी नाही, टिकली नाही, काजळ नाही. जाऊबाईंना टिकलीचं फार लागलं. पण मी विचारलं तेव्हा कळलं की लग्न झालेल्या बायकाही मंगळसूत्र कपाटात ठेवून आत जातात आणि बाहेर आल्यावर घालतात. बाहेर येताना हातमोज्यांची पाचही बोटं एका जेलीसारख्या थाळीवर टेकवायची. ती थाळी उबेत ठेवतात. काही दिवसांनी त्यावर ठिपका उगवला तर तुमच्या बोटाला जंतू होता. सगळ्यात आतल्या जागेत एकही ठिपका चालत नाही. लागोपाठ तीन वेळा स्वच्छ थाळी आली तेव्हा तिला आत जायची परवानगी मिळाली. तिनं आनंदानं फोटो पाठवला. रिकाम्या थाळीचा! सासूबाईंना दाखवला तर म्हणाल्या, "ह्यात काय बघायचं? काय न्हाईच की." तेच तर बघायचं होतं.

सासूबाई ८८ वर्षांच्या आहेत. त्या अजून स्वतःच्या हातानं पाणी गाळतात. दुहेरी गळणं, आणि गाळून झालं की गळणं उलटं करून वरून गाळलेलं पाणी ओतून जिवाणी जिथलं पाणी तिथं परत. आता नळाचं पाणी, परत कुठं सोडणार? तरी त्या परसातल्या जुन्या विहिरीत सोडतात. त्यांना मी सांगितलं की नात रोज पाणीच गाळते. शंभर मिलीलीटर पाणी एका पातळ चकतीतून ओढायचं. तिची छिद्रं ०.४५ मायक्रॉनची, म्हणजे मिलीमीटरच्या हजाराव्या भागाच्याही निम्म्याहून लहान. मग ती चकती थाळीवर ठेवायची आणि किती जीव उगवतात ते मोजायचे. इंजेक्शनच्या पाण्यात शंभर मिलीलीटरला दहाच्या वर गेले तर सगळी धावपळ सुरू. सासूबाई खूश झाल्या. "म्हंजे ती बी पाणीच गाळती." मग जरा थांबून विचारलं, "आणि जिवाणीचं काय करत्यात?" मी गप्प बसले. मोजून झाल्यावर त्या सगळ्या थाळ्या ऑटोक्लेव्हमध्ये जातात. ते मी त्या दिवशी सांगितलं नाही.

जेवणाचा प्रश्न दुपारच्या पाळीत आला. तीन ते अकरा. जेवणाची सुट्टी आठ वाजता, आणि आमची पोरगी दिवस मावळल्यावर जेवत नाही. महिनाभर ती उपाशीच राहिली आणि आम्हाला बोलली नाही. मग तिच्याच टेबलावरच्या एका मुस्लिम मुलीनं मार्ग काढला. तिला रमजानमध्ये सूर्यास्ताला सुट्टी हवी होती, हिला सूर्यास्ताच्या आधी. दोघी मिळून मॅडमकडे गेल्या. एकीनं यायचं, मग दुसरीनं जायचं, टेबल कधी रिकामं राहणार नाही. मॅडम म्हणाल्या, आधी का नाही विचारलंत? रमजान संपला तरी हिची साडेपाचची सुट्टी तशीच राहिली.

इथपर्यंत मी त्या बाईंना मंदिराच्या दारातही सांगू शकले असते. पुढचं सांगायला बसावं लागतं.

आठव्या महिन्यात एका रात्री तिचा फोन आला. आवाज बारीक. एंडोटॉक्सिनच्या तपासणीचं प्रशिक्षण घेण्यासाठी तिचं नाव पुढं केलं होतं. हे शिकलेल्या मुलीला पुढं कुठल्याही इंजेक्शनच्या कंपनीत मागणी असते. शिकाऊमधून कायम व्हायला त्याचीच मदत होणार होती. पण त्या तपासणीत जे औषध वापरतात ते एका समुद्री जिवाच्या रक्तापासून बनतं.

तिनं मला नीट समजावलं, मी तुम्हाला सांगते. काही जंतू मेले तरी त्यांच्या कवचातलं विष पाण्यात उरतं. उकळून, ऑटोक्लेव्हमध्ये घालूनही ते जात नाही. काचेची भांडी असतील तर ती २५० अंशावर कोरडी भाजावी लागतात. असं विष सलाईनमधून रक्तात गेलं तर माणसाला थंडी वाजून ताप भरतो, रक्तदाब कोसळतो. पूर्वी हे तपासायला सशाच्या कानातल्या शिरेत औषध टोचत आणि त्याला ताप येतो का बघत. नंतर अमेरिकेत फ्रेडरिक बँग नावाच्या डॉक्टरांना १९५६ च्या सुमारास दिसलं की घोड्याच्या नालेसारखं कवच असलेल्या एका समुद्री प्राण्याचं रक्त या जंतूंमुळे गोठतं. त्यांनी आणि जॅक लेविन यांनी पुढं त्यातून तपासणी तयार केली. हा प्राणी नावानं खेकडा असला तरी जातीनं विंचू-कोळ्याच्या जवळचा. त्याचं रक्त निळसर असतं, कारण त्यात लोखंडाच्या जागी तांबं. त्याला पकडून थोडं रक्त काढतात आणि समुद्रात परत सोडतात. सगळे जगत नाहीत, काही मरतात.

"मोठी आई, जंतूंपर्यंत मी मनाला समजावलं होतं. हा तर डोळ्यांनी बघणारा, चालणारा त्रस जीव आहे. मी नाही म्हणून सांगू का? तू पण धर्मासाठी बँकेची नोकरी सोडली होतीस ना?"

मला त्या रात्री झोप लागली नाही.

मैत्रिणींनो, ही गोष्ट मी आजवर इथं लिहिलेली नाही. १९८१ साली मी पहिल्या वर्गात बी.कॉम. झाले. लग्नानंतर सहा महिन्यांत एका बँकेतून कारकुनाच्या जागेचं पत्र आलं. घरात सगळ्यांना, पुढं मुलांना, सुनांना, या पुतणीलाही मी एकच सांगत आले की सहामाही हिशेबाच्या वेळी बँकेत रात्री नऊ-दहा वाजायचे, रात्रिभोजनाचा दोष नको म्हणून मी नाही म्हटलं. ऐकायला चांगलं वाटायचं. दशलक्षणात एकदा माताजींसमोर कुणीतरी हे माझं कौतुक म्हणून सांगितलं आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं. खरं असं होतं की मला भीती वाटली होती. अनोळखी पुरुषांच्या शेजारी खुर्चीवर बसायची, हिशेब चुकला तर सगळ्यांदेखत ऐकून घ्यायची. सासूबाईंनी कधी नाही म्हटलं नव्हतं. यांनी तर "बघ, जमतंय तर जा" म्हटलं होतं. डबा नेऊन पाच वाजता जेवता आलं असतं. मी विचारलंसुद्धा नाही. भीती होती ती मी धर्माच्या पदराखाली झाकली, आणि चाळीस वर्षं झाकलेलीच ठेवली.

सकाळी तिला फोन करून हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मी म्हटलं, तू नाही म्हण, मी तुझ्या पाठीशी आहे. फक्त एक बघ, तुला त्या जिवाची दया येतेय की परीक्षेची भीती वाटतेय?

दुपारी तिचा निरोप आला. "दोन्ही."

मग परीक्षेचं निघालं. ती तपासणी शिकताना काचेच्या नळ्यांत विषाच्या चार पातळ्या तयार करायच्या. ठरलेल्या मापाच्या दुप्पट, बरोबर तेवढी, निम्मी आणि पाव. प्रत्येकीच्या चार-चार नळ्या. ३७ अंशाच्या उबेत तासभर ठेवायच्या, मग एकेक नळी हळूच उलटी करायची. गच्च गोठून तळाला चिकटून राहिली तर विष आहे, ओघळली तर नाही. अगदी दही लागलं का बघतो तसं. आणि दह्यासारखंच, मध्ये धक्का लागला तर मोडतं, पुन्हा लागत नाही. हात कच्चा असेल, पातळ्या चुकल्या, तर सगळं रद्द आणि औषधाची नवी कुपी फोडायची. तिच्या आधीच्या मुलाचं तीनदा रद्द झालं होतं.

मी माझ्यापरीनं विचार करत राहिले. गृहस्थाला संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची असते. आरंभी, उद्योगी, विरोधी यांत जपून वागायचं, यत्नाचार ठेवायचा, हे आपण पाठशाळेपासून शिकतो. पण रक्त विकत घेऊन केलेली तपासणी उद्योगी म्हणायची की आणखी काही? मला ठरवता आलं नाही, अजूनही येत नाही. एकीकडे असंही आठवलं की यांना हृदयाच्या दुखण्यात तीन दिवस सलाईन लावली होती. ती सलाईन कुणीतरी तपासलीच होती. तेव्हा मी णमोकार म्हणत बसले होते, बाटलीबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. तपासणी दुसऱ्याच्या मुलीनं करायची आणि बाटली आपण लावून घ्यायची, हे मनाला पटेना.

ती मॅडमशी बोलली, लपवलं नाही. त्यांनी सांगितलं की रक्ताशिवायही हे आता करता येतं. सिंगापूरच्या विद्यापीठात त्या रक्तातला कामाचा घटक प्रयोगशाळेत तयार करायची रीत निघाली. युरोपच्या औषधकोशात ती २०२१ पासून आहे, अमेरिकेच्या औषधकोशातही आता आली. पण ज्या औषधांची मंजुरी जुन्या पद्धतीवर घेतली आहे, तिथं बदल करायचा तर सगळं पुन्हा सिद्ध करून सरकारी परवानगी घ्यावी लागते. ते एका शिकाऊ मुलीच्या हातात नाही.

दिवाळीला ती घरी आली तेव्हा जाऊबाईंना कळलं. त्या दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. सासूबाईंना सांगू नका असं ठरलं होतं, पण आमच्या घरात असलं काही टिकत नाही. त्यांनी तिला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार.

"त्या जिवाला परत पाण्यात सोडत्यात का?"

"सोडतात आजी. पण काही मरतात."

"जिथलं पाणी तिथंच सोडत्यात का दुसरीकडं?"

ती म्हणाली, "त्याच समुद्रात." त्यावर त्या काही वेळ माळ ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या हातनं किती सांडतं ते बघ. न सांडता कर."

पोरीनं प्रशिक्षण घेतलं. घरी असताना तिनं आमच्या स्वयंपाकघरात पाण्याच्या नळ्या घेऊन हात बसवला, माझ्या छोट्या वाट्या सगळ्या पसरलेल्या. परत गेल्यावर पहिल्याच वेळेला तिच्या सोळाही नळ्या बरोबर आल्या, दुसरी कुपी फोडावी लागली नाही. वर्ष झालं, कायम झाली. आता तिच्या टेबलावर किती तपासण्या रद्द होतात आणि किती कुप्या वाया जातात याची ती वेगळी वही ठेवते. तिला कुणी सांगितलेलं नाही. नव्या पद्धतीवर कंपनीत बैठक झाली तेव्हा ती वही घेऊन गेली होती. निर्णय अजून झालेला नाही. जाऊबाई तिच्याशी बोलतात, पण नोकरीचं नाव काढत नाहीत.

त्या बाईंकडे मी उद्या संध्याकाळच्या आरतीनंतर जाणार आहे. मुलीसमोर बसून बोलणार, फक्त आईशी नाही. आणि हो, पाठवायचं ठरलं तर झाकणाचे दोन घट्ट डबे आधी घ्या म्हणून सांगणार. गोव्याच्या पावसात शेंगाची चटणी आठ दिवसांत ओली होते. दशम्या मात्र चांगल्या राहतात, दुधात भिजवलेल्या, तीन दिवस.